तू तक्रार केली होतीस, मार्ज

प्रिय मार्ज,

२०२५ च्या जूनमध्ये तू गेल्याची बातमी एकाएकी सगळीकडे फिरली. ‘द सिम्प्सन्स’ या तुमच्या कार्टून मालिकेच्या छत्तिसाव्या सीझनचा शेवटचा भाग मे महिन्यात लागून गेला होता. त्यात पुष्कळ वर्षांनंतरचं तुझं घर होतं. पोरं मोठी झालेली, नवरा होमर थकलेला, आणि तू नाहीस. लोक हळहळले, रागावलेही. शेवटी निर्मात्यांना खुलासा करावा लागला, की असे भविष्यातले भाग म्हणजे नुसते तर्क असतात, ते धरून बसायचं नसतं. मार्ज आहे, ठणठणीत आहे.

तू आहेस हे कळल्यावर बरं वाटलं. पण मधल्या दिवसांत तुझ्याविषयी जे बोललं गेलं ते माझ्या मनातून जाईना. किती शांत बाई! किती सोसलं तिनं! कधी तोंडातून ब्र काढला नाही! आमच्याकडेही घरातली कर्ती बाई गेली की भेटायला येणारे नेमकं हेच म्हणतात, आणि लेकीसुनांनी खाली बघून मान डोलवायची असते. मी डोलवणार नाही. तू ब्र काढला नाहीस? तू? भर पुलावर गाडी आडवी लावून तुझं अख्खं गाव, स्प्रिंगफील्ड, खोळंबून ठेवलंस, ते काय होतं मग?

आपली ओळख तशी एकतर्फीच. नव्वदच्या दशकात आमच्या केबलवर स्टार वर्ल्ड लागायचं. अमेरिकन इंग्रजीला कान सरावले नव्हते, अर्धे विनोद डोक्यावरून जायचे. पण होमर काहीतरी अचाट करून दारात उभा राहिला, की ओठ मिटून घशातल्या घशात तू जो लांबलचक ‘ह्म्म्म्म’ काढायचीस, तो पहिल्याच दिवशी कळला. आमच्या घरांत त्या जागी भांडी आपटतात. तुला आवाज देणाऱ्या ज्यूली कॅव्हनरच्या त्या खरखरीत आवाजात केवढं काय काय मावतं गं! राग, लाज, काळजी, ‘आता काय करू या माणसाचं’, सगळं त्या एका हुंकारात. तिला १९९२ साली तुझ्या आवाजासाठी एमी मिळालं तेव्हा ते मला ठाऊकही नव्हतं, नंतर वाचलं. अलीकडे तो आवाज थकल्यासारखा वाटतो. तू काढलेलीच्या काढलेली राहिलीस, पण तुझ्या गळ्यातून बोलणारी बाई वयानं वाढते आहे. मला ते आवडतं. तुझ्यात एवढं एक तरी आमच्यासारखं आहे.

तुझा निर्माता मॅट ग्रोनिंगनं तुला आपल्या आईचं नाव दिलं. तुझ्या नवऱ्याला वडिलांचं, होमर, आणि तुझ्या लेकींना बहिणींची, लिसा आणि मॅगी. तुझा तो निळा मनोराही आईच्या साठच्या दशकातल्या उंच केशरचनेवरून आला. १९ एप्रिल १९८७ ला ट्रेसी उलमनच्या कार्यक्रमात तू पहिल्यांदा पडद्यावर आलीस, तेव्हा काय करत होतीस, आठवतं? मॅगीला अंगाई म्हणत होतीस. गाण्यातला पाळणा फांदीवरून खाली येतो हे ऐकून लेक टक्क जागी, घाबरलेली. शेवटी तिन्ही पोरं तुमच्या पलंगावर. म्हणजे तुझी पहिली ओळखच अशी: सगळ्यांना निजवणारी, आणि स्वतःला झोपायला जागा न उरलेली.

पण तू मला खऱ्या अर्थानं भेटलीस ती लिसाच्या उदासीच्या भागात. १९९० च्या फेब्रुवारीतला तो भाग, मी कितीतरी उशिरा पाहिला. आठ वर्षांची पोर, तिला कशातच गोडी वाटेना. का, ते तिला सांगता येईना. तू तिला शाळेत सोडायला निघालीस आणि गाडीत समजावलंस: आत काय वाटतं याला महत्त्व नाही, वर काय दिसतं ते महत्त्वाचं. सगळं दुःख खाली दाब, आणखी खाली, गुडघ्यांच्याही खाली, आणि हस. हे तुला तुझ्या आईनं शिकवलं होतं. त्या आईला तिच्या आईनं शिकवलं असणार. हे बोलताना तुझ्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता गं, खरीखुरी माया होती. तेच तर भयंकर होतं.

लिसा उतरली. ओठ ताणून हसली. लगेच पोरं जवळ आली. आम्हाला वाटलं होतं तू विचित्र आहेस, तू तर बरी निघालीस! एकानं तर आपला गृहपाठच तिच्या गळ्यात मारला. तीही हो म्हणाली. तेवढ्यात संगीताचे मास्तर आले, आज मनातलं काहीबाही वाजवायचं नाही हं. बरं सर, म्हणाली. आणि हे सगळं तू गाडीत बसून पाहत होतीस.

मग टायर किंचाळले. तू गाडी गर्रकन वळवलीस, लेकीला आत ओढलंस आणि निघालीस. वाटेत तिला सांगितलंस की मघाशी मी म्हणाले ते विसर. वाईट वाटतंय ना, मग वाटू दे. आम्ही आहोत तुझ्याबरोबर, ते सरेपर्यंत. सरलं की तेव्हाही असू. आईची शिकवण मोडायला माणसांना जन्म पुरत नाही, मार्ज. तुला शाळेच्या दारातून गाडी वळवण्याएवढा वेळ पुरला.

माझ्या लेकीला मी पाहुण्यांसमोर ‘हस की गं जरा’ असं कधी म्हटलं नाही. ती घुम्यासारखी बसली तर बसू दिली. नातेवाईक म्हणाले, मुलगी अगदीच माणूसघाणी. म्हणू दे. ते बळ तुझ्याकडून आलं होतं, आणि हे लेकीलाही ठाऊक आहे. ती आजही फोनवर मला म्हणते, ‘आई, आज मला वाईटच वाटू दे.’ मग आम्ही दोघी काही न बोलता फोन धरून बसतो.

आता पुलाचं. १९९२ च्या जानेवारीत अध्यक्ष जॉर्ज बुश एका भाषणात म्हणाले, अमेरिकन कुटुंबं वॉल्टन कुटुंबासारखी जास्त आणि सिम्प्सन्ससारखी कमी व्हायला हवीत. वॉल्टन म्हणजे दुसऱ्या एका मालिकेतलं, मंदीच्या काळातल्या खेड्यातलं कुटुंब. सगळे कष्टाळू, सगळे गुणी. त्यानंतर दहाच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, तुझा तो भाग लागला. आधीच तयार झालेला असणार, योगायोगच तो. पण मला तो कायम त्या भाषणाचं उत्तर वाटत आला आहे.

काय झालं होतं त्या दिवशी? काहीच नाही. तेच तर. कुणी मेलं नव्हतं, नवऱ्यानं हात उगारला नव्हता. सकाळपासून एकामागून एक कामं, प्रत्येकाचं काहीतरी, गाडीत मॅगी, मागे कुणीतरी ट्रकवाला अगदी टेकून चालवणारा, आणि बाटलीतलं दूध तुझ्या अंगावर सांडलं. एवढंच. तू करकचून ब्रेक दाबलास आणि गाडी पुलावर आडवी झाली. इकडून येणारे इकडे, तिकडचे तिकडे. पोलीस आले, भोंग्यावरून विनवण्या झाल्या. तू काचेमागे स्टिअरिंग घट्ट धरून बसलीस. तुला पकडून नेलं तेव्हा गावातल्या बायका तुझ्या बाजूच्या निघाल्या आणि त्यांची मतं जातील या भीतीनं महापौरांनी तुला सोडायला लावलं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. त्या बायकांना कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. अंगावर सांडलेलं दूध त्यांनाही ठाऊक होतं.

मग तू एकटीच विश्रांतीला गेलीस. टबात बसून आइस्क्रीम खाल्लंस, कुणाला न विचारता. इकडे तुझ्या बहिणींकडे, पॅटी-सेल्माकडे, तुझा मुलगा बार्ट आणि लिसा यांचे हाल, होमरचे तर विचारूच नको, आणि मॅगी तुला शोधायला रांगत घराबाहेर पडली. तू परत आलीस. पलंगावर सगळे तुला बिलगले. मला आणखी मदत हवी, असं तू म्हणालीस आणि सगळ्यांनी कबूल केलं.

आणि पुढच्या आठवड्यात? पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

इथे माझा तुझ्यावर राग आहे, मार्ज. तुझ्यावर की तुला काढणाऱ्यांवर, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. तुमच्या त्या वीस-बावीस मिनिटांच्या गोष्टीचा नेमच असा, की शेवटी घर होतं तिथे परत यायला हवं. होमरची नोकरी गेली तरी परत मिळते, गाव जळलं तरी पुढच्या भागात उभं असतं. तसा तुझा रागही दर आठवड्याला पुसला जातो. तो साठत नाही. साठला असता तर एवढ्या वर्षांत त्याचं काहीतरी झालं असतं. आणि मग लोकांना वाटतं, ही बाई मुळातच सोशिक. अगं, सोशिक कसली! तिचा हिशेबच कुणी पुढे ओढला नाही.

बुश घराण्याशी तुझा व्यवहार त्या भाषणाच्याही आधीचा. १९९० साली बार्बरा बुश एका मासिकाच्या मुलाखतीत तुमच्या मालिकेला सगळ्यात बिनडोक गोष्ट म्हणाल्या. तू थेट व्हाइट हाउसला पत्र पाठवलंस. लेखकांनी तुझ्या नावानं लिहिलं हे खरं, पण वाचताना आवाज तुझाच येतो. तू आदळआपट केली नाहीस. मला लागलं, असं सरळ लिहिलंस. आपण दोघी एकेका असामान्य पुरुषासाठी राबतो, आपल्यात पुष्कळ साम्य आहे, असंही लिहिलंस. आणि त्या बाईंनी उलट टपाली माफी मागितली! जीभ सैल सुटली म्हणाल्या, तुम्ही देशापुढे चांगला कित्ता ठेवता आहात म्हणाल्या. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीकडून कागदावर माफी मिळवणारी दुसरी गृहिणी दाखव मला. आणि तुला मुकी म्हणतात.

तू होमरला का सोडलं नाहीस, हा प्रश्न मी तुला विचारणार नाही. तो तुझ्या-माझ्यातला प्रश्नच नाही. पण त्या वाढदिवसाचं मात्र बोलायला हवं. नवरा बायकोला भेट म्हणून बोलिंगचा चेंडू आणतो आणि त्यावर नाव कोरलेलं असतं त्याचं स्वतःचं! तू रागानं तोच चेंडू घेऊन बोलिंग शिकायला गेलीस. तिथला शिकवणारा झाक, गोडबोल्या, सगळं लक्ष तुझ्यावर. त्यानं तुला हातमोजा दिला आणि त्यावर नाव होतं तुझं. मार्ज. एवढ्या वर्षांत एखाद्या वस्तूवर तुझं नाव पहिल्यांदा पाहिलं मी. तू किती वळलीस त्याच्याकडे, हे मला कळतं. घरी होमरनं तो मोजा पाहिला आणि काही विचारलं नाही. सकाळी डबा घेताना एवढंच म्हणाला, की तू सँडविच करतेस त्यातला जॅम कसा बरोब्बर मध्ये राहतो, कडेनं गळत नाही, मला ते आवडतं. त्या माणसाला प्रेमाचं याहून मोठं वाक्य येत नव्हतं.

पुढे तो फाटा. एक रस्ता झाककडे, दुसरा होमरच्या कामाच्या अणुवीज केंद्राकडे. तू थांबलीस. लोक म्हणतात, अखेर ती पतिव्रताच. मला त्यात पातिव्रत्य दिसत नाही. मला दिसते ती स्टिअरिंगवर हात ठेवून विचार करणारी बाई. दोन्ही रस्ते तिला मोकळे होते आणि तिनं निवडला. जिच्यापुढे एकच रस्ता असतो तिच्या राहण्याला काय अर्थ? आणि निवड उलटही फिरवता येते, हे तू २००७ च्या चित्रपटात दाखवलंस. अलास्कात होमर गावाला वाचवायला येईना, तेव्हा तू पोरांना घेऊन निघालीस आणि जाताना निरोप रेकॉर्ड करून ठेवलास. कशावर? लग्नाच्या कॅसेटवर. तुझं बोलणं संपतं आणि पडद्यावर एकदम तुम्ही दोघं नाचताना दिसता, तरुण, हसरे. कुठल्या वकिलाच्या नोटिशीला ती धार येईल? तेव्हा चित्रपटगृहात माझ्या बाजूला बसलेल्या बाई पर्समध्ये रुमाल शोधत होत्या, आणि त्या दुःखानं रडत होत्या असं मला अजिबात वाटलं नाही.

तुझ्या गुणांची यादी मी करत बसत नाही, पण थोडं सांगू दे. मोनोरेलच्या नादानं सगळं गाव सभागृहात नाचत होतं, तेव्हा तू एकटी म्हणत होतीस, आधी तो मेन स्ट्रीट दुरुस्त करा. खड्ड्यांच्या गावात राहणाऱ्या मला तुझा तेव्हाचा चेहरा अजून आठवतो. कार्टूनमधल्या मारामारीविरुद्ध तू मोर्चा काढलास आणि त्याच बायका पुढे मायकलअँजेलोच्या डेव्हिडला झाकायला निघाल्या, तेव्हा तू त्यांच्याबरोबर गेली नाहीस. पोलिसात गेलीस, नाटकात काम केलंस, सुतारकाम केलंस, आणि बाईच्या हातची सुतारकी लोकांना चालेना म्हणून पुढे नाव होमरचं आणि आत घाम तुझा. पै-पै वाचवणारी तू, तरी तो गुलाबी शनेलचा सूट घेतलास आणि शिलाई मशीनवर पुन्हा पुन्हा उसवून नवा केलास, क्लबातल्या बायकांना कळू नये म्हणून. यातलं प्रत्येक काम तुला येत होतं. प्रत्येक काम तू पुढल्या आठवड्यात सोडलंस.

आणि एक गोष्ट माझ्या मनात सलते. तुमच्या गावातला दुकानदार अपू आमच्याकडचा म्हणून दाखवला. हँक अझारिया नावाच्या गोऱ्या नटानं वर्षानुवर्षं त्याचे हेल काढले आणि अमेरिकेत वाढणाऱ्या आमच्या पोरांना शाळेत त्या हेलांवरून चिडवलं गेलं. २०१७ साली हरी कोंडाबोलू यांनी त्यावर माहितीपट केला. २०१८ च्या एप्रिलमध्ये मालिकेनं त्याला उत्तर दिलं, ते कुणाच्या तोंडून? तुझ्या आणि लिसाच्या. तू तिला झोपताना पुस्तक वाचून दाखवत होतीस, बाजूला अपूचा फोटो. काही गोष्टींचं नंतर बघू, असं तू म्हणालीस आणि लिसा म्हणाली, बघितलंच तर. उदास लेकीसाठी गाडी वळवणारी तूच ना ही? दुखावलेल्या पोरांना नंतर बघू म्हणायला तुझीच जीभ का घेतली त्यांनी? अझारियानं २०२० मध्ये तो आवाज सोडला आणि पुढे माफीही मागितली. तुझ्याकडून मी त्या दोन ओळी अजून मागे घेतल्या गेलेल्या ऐकल्या नाहीत. जवळच्या माणसाला हे सांगायचं नाही तर कुणाला?

तरीही शेवटी मला बार्टचाच फोटो आठवतो. त्यानं दुकानात गेम चोरला, पकडला गेला आणि तू ओरडली नाहीस. फक्त रात्री पांघरूण घालायला गेली नाहीस. तुम्ही बर्फाची माणसं केलीत, त्याच्यासाठी थांबला नाहीत. त्या पोरानं मग गाडीखालचा उरलासुरला मळका बर्फ गोळा करून आपला एकट्याचा केला. पुढे एक दिवस तो जाकिटाखाली काहीतरी लपवून आला. तुला वाटलं, पुन्हा चोरी. निघाला त्याचा स्वतःचा हसरा फोटो, चौकटीत, वर पैसे भरल्याची पावती लावलेला. ज्या आईनं नुसतं सोसलं असतं तिला असा फोटो मिळाला नसता. तू दुखावलीस, आणि दुखावल्याचं त्याला दिसू दिलंस.

म्हणून आता एकच मागणं. तुझ्या माळ्यावर रिंगो स्टारची ती जुनी चित्रं आहेत ना, शाळेत काढलेली? मास्तरांनी मोडीत काढलं होतं तुला, आणि तू रिंगोला पाठवलेल्या चित्राला त्याचं उत्तर कित्येक वर्षांनी आलं. मग होमरच्या साहेबाचं, मिस्टर बर्न्सचं काढलंस, उघडंवाघडं, म्हातारं, कीव यावी असं, आणि ज्याला कुणी माणूस म्हणत नव्हतं त्याला माणूस करून ठेवलंस. एवढा हात असलेली बाई ओट्याशी उभी आहे. मार्ज, ब्रश खाली काढ. या वेळी स्वतःचं चित्र काढ. होमरला सांग, हे पुरं होईपर्यंत डबे तू भर, जॅम मध्ये राहतो की गळतो ते तुझं तू बघ. आणि पुढच्या आठवड्यात ते चित्र पुसू देऊ नकोस.

तुझी मैत्रीण